पहिला किरकोळ गुन्हा आणि तुरुंगाशिवायचे मार्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं कुणी पहिल्यांदाच पोलीस केसमध्ये अडकलं की कोर्टाच्या व्हरांड्यात ठरावीक प्रश्न ऐकू येतात. विचारणारी बहुतेकदा आई असते, नाहीतर मोठा भाऊ. त्यांना पुरेसा वेळ देऊन उत्तर देणारं कुणी भेटतंच असं नाही. म्हणून ही उत्तरं लिहिली आहेत. केस प्रत्यक्ष चालवताना वकिलाचा सल्ला घ्याच. पण वकिलाला नेमकं काय विचारायचं हे आधी माहीत असलं, तर खूप फरक पडतो.

पहिलाच गुन्हा आहे. दोषी ठरला तर तुरुंग अटळ आहे का?

नाही. किरकोळ गुन्ह्यात पहिल्यांदा दोषी ठरलेल्या माणसाला तुरुंगात न पाठवता सोडण्याचे किमान तीन रस्ते कायद्यात आहेत. ताकीद देऊन सोडणं, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर म्हणजे प्रोबेशनवर सोडणं, आणि १ जुलै २०२४ पासून सामुदायिक सेवा. पहिले दोन १९५८ च्या अपराधी परिवीक्षा (म्हणजे प्रोबेशन) अधिनियमात आहेत, तिसरा जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने आणला.

अडचण अशी की हे रस्ते बहुतेकदा कुणी मागतच नाही.

सामुदायिक सेवा कुठल्या गुन्ह्यांना मिळते?

न्याय संहितेत मोजून सहा ठिकाणी. सरकारी नोकराने बेकायदा व्यापारधंदा करणं (कलम २०२), फरारी म्हणून उद्घोषणा निघाल्यावरही कोर्टात हजर न होणं (२०९), सरकारी नोकरावर दबाव आणायला आत्महत्येचा प्रयत्न करणं (२२६), ५,००० रुपयांच्या आतली चोरी (३०३), दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घालणं (३५५) आणि बदनामी (३५६). बाकी गुन्ह्यांना न्याय संहितेत ही शिक्षा नाही.

सर्वसामान्य घरांशी यातल्या दोनांचाच जास्त संबंध येतो, चोरी आणि दारू.

५,००० च्या आतली कुठलीही चोरी यात बसते का?

नाही, आणि इथेच लोकांची फसगत होते. अटी तीन आहेत. मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी हवी, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला हवा, आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली हवी. तिन्ही पूर्ण झाल्या तर कायद्याची भाषा 'देता येईल' अशी नाही. सामुदायिक सेवेचीच शिक्षा द्यायची आहे. शिवाय अशी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र धरली आहे.

पण ही सवलत साध्या चोरीच्या कलमालाच जोडलेली आहे. हातातून मोबाईल हिसकावून पळाला तर ते कलम ३०४ होतं. राहत्या घरातून भांडं उचललं, किंवा मालवाहू टेम्पोतून पोतं काढलं, तर ३०५ लागतं आणि शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाते. वस्तू ८०० रुपयांची असली तरी तिथे सामुदायिक सेवा नाही. म्हणून आरोपपत्र हातात आलं की आधी कलम बघा आणि मग पंचनाम्यात मालाची किंमत किती लावली आहे ते बघा. वापरलेला, काच फुटलेला फोन नव्याच्या भावाने लिहिला गेला असेल तर वकिलाने तिथेच हरकत घ्यायला हवी. किमतीच्या त्या एका आकड्यावर पुढचं सगळं फिरतं.

काम कोणतं असतं आणि किती तास?

नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे याच्या नव्या कायद्याच्या) कलम २३ मध्ये व्याख्या एवढीच आहे : समाजाच्या फायद्याचं, कोर्टाने शिक्षा म्हणून सांगितलेलं, बिनमोबदला काम. किती तास, कुठे, कुणाच्या देखरेखीखाली, यातलं त्या कलमात काही नाही. इंग्लंडमध्ये १९७२ च्या कायद्याने ही पद्धत सुरू झाली आणि आज तिथे अशा कामासाठी ४० ते ३०० तास अशी हद्द ठरलेली आहे. आपल्या संहितेत अशी हद्द घातलेली नाही, ही मला या तरतुदीतली सर्वात मोठी उणीव वाटते. सारख्याच गुन्ह्याला एका कोर्टात दोन दिवसांची झाडलोट आणि दुसऱ्या कोर्टात महिनाभर रुग्णालयात काम, असं होऊ शकतं.

म्हणून आरोपीच्या वकिलाने स्वतःच लेखी प्रस्ताव द्यावा हे बरं. कुठल्या संस्थेत, आठवड्यातून कोणत्या वारी, किती वेळ आणि हजेरी कोण लिहिणार, हे सगळं त्यात असावं. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला सोमवार ते शनिवार काम लावलं तर घरची चूल बंद पडते. हे न्यायाधीशांच्या नजरेला आणून दिलं तर ते ऐकतात.

काम पूर्ण केलं नाही तर?

तुरुंग. न्याय संहितेच्या कलम ८ प्रमाणे सामुदायिक सेवा टाळल्यास साधी कैद होऊ शकते. त्यामुळे आजारपण आलं, कामाची जागा लांब पडली, तिथल्या माणसाने हाकलून दिलं, तर गप्प घरी बसू नका. लगेच कोर्टात अर्ज करा.

पुण्यात त्या मुलाला निबंध लिहायला लावला होता, तेच ना हे?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो आणि त्यामागचा राग रास्त आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा १७ वर्षांचा होता, आणि काही तासांतच बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांच्या निबंधासह काही अटींवर त्याला जामीन दिला. ती शिक्षा नव्हती, जामिनाच्या अटी होत्या. कायदाही वेगळा होता, बालकांचा. न्याय संहिता तेव्हा लागूसुद्धा झाली नव्हती.

ज्यात माणसं मेली असं प्रकरण इथल्या चर्चेत बसतच नाही. बेदरकार गाडी चालवून जीव घेणाऱ्या चालकांना प्रोबेशनचा फायदा सहजासहजी देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने दलबीर सिंग प्रकरणात २००० सालीच बजावलं आहे. त्या निबंधाने एक नुकसान मात्र केलं. 'तुरुंगाऐवजी दुसरं काही' म्हटलं की लोकांना आता श्रीमंताच्या पोराची सुटका आठवते. प्रत्यक्षात या तरतुदी ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्याकडे जामीनदार आणायलाही पैसे नसतात.

प्रोबेशन म्हणजे काय? हे नवीन आहे का?

अजिबात नवीन नाही. बोस्टनमधल्या जॉन ऑगस्टस नावाच्या बूट बनवणाऱ्याने १८४१ मध्ये एका दारुड्याची हमी घेऊन त्याला कोर्टातून सोडवलं, तिथून ही कल्पना पुढे गेली. आपल्या मुंबई प्रांतात १९३८ सालीच प्रोबेशनचा कायदा होता. देशभरासाठीचा १९५८ चा.

त्यातलं कलम ३ ताकिदीचं. साधी चोरी, फसवणूक यांसारखे गुन्हे, किंवा दोन वर्षांपर्यंतच शिक्षा असलेला कुठलाही गुन्हा, आणि आधी दोषी ठरलेला नसला, तर कोर्ट समज देऊन घरी पाठवू शकतं. कलम ४ बंधपत्राचं. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा सोडून बाकी गुन्ह्यांत कोर्ट शिक्षा न सुनावता सांगतं की इतका काळ नीट वाग, बोलावलं तर ये. हा काळ तीन वर्षांपेक्षा जास्त नसतो. गरज वाटली तर परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेखही लावतात, ती निदान एक वर्षाची. अमली पदार्थांसारख्या काही कायद्यांत मात्र हे दार जवळजवळ बंद आहे.

मुलगा १९ वर्षांचा आहे. वयाचा काही फायदा?

मोठा फायदा आहे. २१ वर्षांखालच्या आरोपीला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, कोर्टाने तुरुंगात पाठवूच नये असं परिवीक्षा अधिनियमाचं कलम ६ सांगतं. पाठवायचंच असेल तर परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायला हवा आणि कारणं लिहून ठेवायला हवीत.

एक खाच लक्षात ठेवा. वय धरतात ते खालच्या कोर्टाने शिक्षा देण्याच्या दिवशीचं. गुन्हा १९ व्या वर्षी घडला आणि खटला रेंगाळून निकाल २२ व्या वर्षी लागला, तर कलम ६ चं संरक्षण जातं. कलम ४ तेव्हाही मागता येतं. तारखांवर तारखा घेण्याने तरुण आरोपीचं असं न दिसणारं नुकसान होतं, आणि वकिलाला हे स्पष्टपणे विचारायला संकोच करू नका.

१८ च्या आतलं पोर असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे सामुदायिक सेवा आधीपासूनच आहे : बागेची सफाई, वृद्धांची सेवा, वाहतूक नियंत्रणाला मदत, अशी कामं नियमांतच दिलेली आहेत. त्यासाठी मुलाचं वय १४ च्या वर हवं.

परिवीक्षा अधिकारी घरी येऊन काय बघतात?

महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात, पोलीस खात्याचे नव्हेत. हे आधी घरच्यांना सांगा. कारण गाडीतून कुणी फाईल घेऊन उतरलं की वस्तीत दारं लागतात, आई घाबरून 'तो इथे राहतच नाही' म्हणते, आणि अहवालात नेमकं तेच जातं.

ते बसतात आणि साधं विचारतात. घरात कमावतं कोण, पोरगा शाळा कितवीत सोडून बसला आणि का, संध्याकाळी कुणाबरोबर असतो, दारू-गुटखा आहे का, वडिलांशी बोलणं आहे का. शेजाऱ्यांना विचारतात. जिथे कामाला होता त्या गॅरेजवाल्याला किंवा दुकानदारालाही भेटतात. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, रेशनकार्ड, कामाच्या जागेची चिठ्ठी हाताशी ठेवा. मालक 'सुटला की परत कामावर घेतो' असं लिहून द्यायला तयार असेल, तर माझ्या मते त्या कागदाएवढा उपयोगी कागद दुसरा नाही. खोटं काही सांगू नका. 'आमचा मुलगा देवमाणूस आहे' यापेक्षा 'वडील गेल्यावर वर्षभर बिघडला होता, आता मामाकडे कामाला जातो' हे खरं वाक्य जास्त काम करतं.

अहवाल गोपनीय असतो, पण त्याचा आशय आरोपीला सांगून त्यावर पुरावा देण्याची संधी कोर्ट देऊ शकतं. प्रतिकूल गेला असं कळलं तर ती संधी मागा.

आम्हाला पक्का पत्ता नाही. पालावर राहतो. आम्हाला हे मिळेल का?

कायद्यातला सगळ्यात दुखरा भाग हा आहे. कलम ४ खाली सोडण्याआधी आरोपीचं किंवा त्याच्या जामीनदाराचं त्या कोर्टाच्या हद्दीत कायम राहण्याचं ठिकाण आहे, नाहीतर नियमित कामधंदा आहे, अशी कोर्टाची खात्री पटावी लागते. पारध्यांच्या पालावरचा पोरगा, उड्डाणपुलाखाली राहणारं कुटुंब, उसाच्या फडावर सहा महिने फिरणारा कामगार, हे सगळे या वाक्यापाशी अडतात. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ मध्ये ज्यांची त्यातून सुटका झाली, त्याच जमाती आज पत्त्याच्या अटीपायी मागे राहतात. मला हे सहन होत नाही.

तरी वाट आहे. अट 'पत्ता किंवा कामधंदा' अशी आहे, आणि ती आरोपीने किंवा जामीनदाराने, कुणीही एकाने पुरी केली तरी चालते. त्यामुळे बिगारीच्या ठेकेदाराचं पत्र, भंगार घेणाऱ्या दुकानाची नोंद, फेरीवाल्याचं प्रमाणपत्र, हद्दीत पक्कं घर असलेला एखादा ओळखीचा माणूस, यातलं काहीही पुढे करा. बंधपत्र जामीनदाराशिवायही घेता येतं, तशी कायद्यातच सोय आहे. मुंबई-ठाणे भागात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या आणि सुटलेल्या लोकांबरोबर काम करतो. असा संस्थेचा कार्यकर्ता पाठीशी उभा असला की कोर्टाचा विश्वास बसायला मदत होते.

वकील म्हणतात, 'गुन्हा कबूल कर, आजच सुटशील.' कबूल करावं का?

घाईत करू नये. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होताना दिसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा, एक पोरगा दीड महिना आत आहे. आरोप आहे तांब्याची वायर चोरल्याचा. जामिनाचे पैसे नाहीत, जामीनदार नाही. तारखेला त्याला आणलं जातं. बाहेर कुणीतरी कानात सांगतं, 'हो म्हण. भोगलेली शिक्षा धरून साहेब सोडतील.' तो हो म्हणतो. साहेब जेवढे दिवस आत होता तेवढ्याच दिवसांची शिक्षा देतात आणि संध्याकाळी तो घरी येतो. घरात आनंद.

पण आता तो 'पूर्वी दोषी ठरलेला' झाला. पुढच्या वेळी वस्तीत कुठे चोरी झाली की पहिला त्याला उचलतील. तेव्हा ताकीद नाही, चोरीसाठीची सामुदायिक सेवा नाही, दुसऱ्यांदा दोषी ठरला तर चोरीला कमीत कमी एक वर्षाची सक्तमजुरी. एका संध्याकाळच्या सुटकेसाठी त्याने हे सगळं देऊन टाकलं, आणि त्याला ते कुणी सांगितलंसुद्धा नाही.

गुन्हा खरोखर केलेला असेल आणि कबूल करायचाच असेल, तर करा. मात्र त्याच दिवशी, त्याच वेळी, परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ३ किंवा ४ खाली सोडावं असा लेखी अर्ज द्या. शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का, असं न्यायाधीश विचारतात, तो क्षण यासाठीच असतो. लाभ देण्यासारखं प्रकरण असूनही कोर्टाने तो नाकारला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०२ प्रमाणे निकालात विशेष कारणं लिहावी लागतात. लिहिली नाहीत तर अपिलात तोच मुद्दा होतो. अपील ऐकणारं कोर्ट आणि उच्च न्यायालयही प्रोबेशन देऊ शकतात.

नोकरी आणि पासपोर्टवर परिणाम होतो का?

ताकीद किंवा प्रोबेशनवर सुटलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, असं परिवीक्षा अधिनियमाचं कलम १२ सांगतं. पण दोषसिद्धी पुसली जात नाही. सरकारी नोकरीत असलेल्यावर खातं त्याच वर्तनाबद्दल स्वतंत्र कारवाई करू शकतं. पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर विचारलं असेल तर खरं लिहा. लपवल्याने नोकरी जाते.

आता एक गोष्ट जी फारशी बोलली जात नाही. कलम १२ चं हे संरक्षण ताकीद आणि प्रोबेशनला आहे. सामुदायिक सेवा ही शिक्षा आहे, तिला ते नाही. त्यामुळे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलासाठी नुसती ताकीद सामुदायिक सेवेपेक्षा कितीतरी चांगली. दोन्ही शक्य असतील तर आधी ताकीद मागावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पासपोर्टचा कायदा बघतो तो मागच्या पाच वर्षांतली, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातली, दोन वर्षं किंवा जास्तीची कैद. प्रोबेशनवर कैद सुनावलेलीच नसते. केस चालू असेल तर मात्र वेगळी अडचण येते, आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

गांजा ओढताना पकडलं. इथे काय?

अमली पदार्थांच्या कायद्यात १८ वर्षांवरच्यांना प्रोबेशन नाही, सेवनासारखे एकदोन अपवाद सोडून. पण व्यसनी माणसासाठी दोन तरतुदी आहेत. सेवनाबद्दल किंवा अल्प प्रमाणातल्या मालाबद्दल दोषी ठरल्यावर कोर्ट त्याला उपचारासाठी बंधपत्रावर सोडू शकतं (कलम ३९). आणि अशा आरोपात असलेली व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पुरे करत असेल, तर खटल्यापासूनच संरक्षण मिळू शकतं (कलम ६४ए). उपचार अर्ध्यावर सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं.

खटला अजून सुरूच झाला नाही आणि माणूस आत आहे. त्याचं काय?

तुरुंगात बहुसंख्य असेच आहेत. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, जागा ४,३६,२६६ जणांची. त्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी, म्हणजे दोष सिद्ध न झालेले. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात अधिकृत क्षमतेच्या कितीतरी पट माणसं झोपतात, पाळीपाळीने.

तीन गोष्टी तपासा. गुन्हा जामीनपात्र असेल आणि आठवडाभरात जामीनदार मिळाला नसेल, तर माणूस निर्धन आहे असं धरून जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडावं लागतं. आधी कधीच दोषी न ठरलेल्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे त्याला सोडायचं आहे, आणि तसा अर्ज तुरुंग अधीक्षकांनीच करायचा आहे. जुन्या केसेसनाही हे लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. एकापेक्षा जास्त केसेस असतील तर मात्र हे मिळत नाही. तिसरं, जामीन मंजूर होऊन केवळ पैशाअभावी आत असेल, तर गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून मदत होते; २०२३ च्या मूळ नियमांत ती ४०,००० रुपयांपर्यंत होती. दंड भरता येत नसलेल्या शिक्षा झालेल्यांना २५,००० पर्यंत.

ज्याचं नुकसान झालं त्याला काय मिळतं?

वस्तू किंवा तिची किंमत, आणि परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ५ खाली भरपाई. भाजीवालीचा वजनकाटा चोरीला गेला तर चोर सहा महिने आत बसल्याने तिला काही मिळत नाही. काटा परत आला आणि बुडालेल्या दिवसांचे पैसे मिळाले तर तिचा धंदा चालू राहतो. आरोपीच्या वकिलाने भरपाईची तयारी आधीच दाखवावी आणि फिर्यादीनेही ती कोर्टात मागावी.

असं सोडत गेलं तर चोर सोकावणार नाहीत का?

सोकावणारे असतात. त्यांच्यासाठीच 'पहिल्यांदा' ही अट आहे, आणि प्रोबेशनची अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा भोगावी लागू शकते. पण पहिल्यांदा चुकलेल्या विशीतल्या पोराला गच्च भरलेल्या बराकीत सराईतांबरोबर ठेवण्याचा परिणाम उलटा होतो. कोवळ्या गुन्हेगारांचे सराईतांच्या संगतीने निर्ढावलेले गुन्हेगार होऊ नयेत हाच या कायद्याचा हेतू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये जुगल किशोर प्रसाद प्रकरणात सांगून ठेवलं आहे. बराकीत त्याला जेवणाचा डबा, झोपायला कोपरा आणि संरक्षण देणारा 'भाई' भेटतो. बाहेर आल्यावर तो भाई उपकाराची परतफेड मागतो.

वकील करायला पैसे नाहीत. कुठे जायचं?

प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला समिती असते. कोठडीत असलेली कुठलीही व्यक्ती, स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फौजदारी केससाठी अनेक ठिकाणी लोकअभिरक्षक कार्यालय, म्हणजे आरोपीच्या बाजूने मोफत लढणाऱ्या वकिलांचं कार्यालय, सुरू झालं आहे, तिथे विचारा. राष्ट्रीय हेल्पलाईन १५१००. जाताना एफआयआरची प्रत, आरोपपत्र असेल तर ते, वयाचा दाखला आणि पुढची तारीख लिहिलेला कागद घ्या, आणि पहिलं वाक्य हे बोला : 'पहिलाच गुन्हा आहे, परिवीक्षेचा अर्ज द्यायचा आहे.'